घासलेली पिन

रोज सकाळी दुसरी कॉफी संपली की वेनो हौताला नावाचा म्हातारा गॅरेजमधलं लोखंडी कपाट उघडायचा, त्या दिवसाची बंदूक बाहेर घ्यायचा, ती उघडून काडतूस बसतं त्या पोकळीत करंगळी घालायचा, "रिकामी," असं स्वतःशीच म्हणायचा आणि मगच खुर्चीवर बसायचा. मागच्या आठवड्यात ती आत ठेवतानाही त्यानं हेच केलेलं असे. कपाटाची किल्ली त्याच्या गळ्यात असे, अंघोळीलाही. तरी करंगळी जायचीच. "डोळ्यांना हवं तेच दिसतं," तो म्हणायचा. "बोटाला तशी खोड नसते."

सात वार, सात बंदुका. सोमवारी लहान पिस्तूल, मंगळवारी जाड नळीचं रिव्हॉल्व्हर, बुधवारी पलटणीतून येताना आणलेलं पिस्तूल, आणि गुरुवारपासून रायफली. रविवार वडिलांच्या रायफलीचा. दस्त्याखालचा लिव्हर खाली ओढून वर घेतला की तिच्यात काडतूस चढायचं. वडील फिनलंडहून इथल्या लोखंडाच्या खाणीत आले आणि पहिला हिवाळा काढल्यावर त्यांनी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही रायफल. चूल दुसरी. वेनो तिची नळी मऊ चिंधीनं पुसायचा, आतलं तेल उजेडाकडे धरून बघायचा, आणि अक्रोडाच्या दस्त्यावर जवसाच्या तेलाचा एकच थेंब तळहातानं चोळायचा. दोन थेंब लावणाऱ्याला तो मूर्ख म्हणायचा, तोंडावर.

तोंडावर तो बरंच काही म्हणायचा. खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात एकतीस वर्षं गेली, पण गावात त्याला मान होता तो बंदुकांमुळे. उन्हाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी खडीच्या खाणीत नेमबाजी चालायची, आणि तिथं वेनोचा शब्द शेवटचा. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात, पन्नास पावलांवरचा काळा ठिपका. वयाच्या सत्तराव्या वर्षीही त्याच्या दहातल्या आठ गोळ्या त्या ठिपक्यात जायच्या. एकदा शाळेतल्या एका मास्तरांनी बायकोची हाक ऐकून हातातल्या पिस्तुलासकट मान वळवली. वेनोनं ते काढून घेतलं, रिकामं केलं आणि त्यांच्या बायकोच्या हातात दिलं. "बाई, ह्यांना घरी झाडू द्या. त्याला नळी नसते." मास्तर पुन्हा आले नाहीत. आम्ही पोट धरून हसलो होतो.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. शाळा बंद, दुकानं अर्धी बंद. आम्ही सात जण जंगलातल्या लाकडी कॅम्पवर दोन आठवडे राहायचो. प्रत्येकाची फळ्यांची एक खोपटी ठरलेली. पहाटे तिच्यात जाऊन बसायचं आणि हरीण समोर येण्याची वाट बघायची. संध्याकाळी सौनाच्या वाफेत अंघोळ, चुलीवर गरम केलेली पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, मग पत्ते. कॅम्पचा एक जुना रिवाज होता. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा सुरीनं कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो भिंतीला ठोकायचा. भिंतीवर आमच्या सगळ्यांची फडकी होती. काहींची तीन-तीन. वेनोचं एकही नव्हतं. कापायची सुरी मात्र त्याच्याकडे असायची, आणि कापताना तो घाई करत नसे.

बंदुकीची दुरुस्ती तोच करायचा, म्हणून एक वेगळं कामही त्याच्याकडे यायचं. ते कुणी मोठ्यानं सांगत नसे. घरातला म्हातारा भ्रमिष्ट होऊ लागला की मुलगा नाहीतर सून गॅरेजच्या मागच्या दारानं यायची. बंदूक काढून घेतली तर म्हातारा खचेल, ठेवली तर कुणाचा तरी जीव जाईल. वेनो बंदूक उघडायचा आणि काडतुसाच्या बुडाला टोचणारी पिन कानशीनं तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी घासून आखूड करायचा. मग पुन्हा जोडून द्यायचा. वजन तेच, खटक्याचा आवाज तोच. चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडाच्या टोपीला नुसती शिवायची, बार उडायचा नाही. म्हाताऱ्याला वाटायचं, काडतूस दमट असेल. असे पाच म्हातारे वेनोनं निभावले. मजुरी ब्रँडीची एक बाटली.

त्यातला एक आमच्या कॅम्पवरचाच, आल्सीड गॅन्यन. त्याचा मुलगा नॉर्ब वेनोच्या हाताखाली खाणीत होता, शनिवारी त्याच्याच बाकावर बसून बंदुकीचं काम शिकला होता. बापाची बंदूक नॉर्बनंच वेनोकडे आणली होती. पिन घासल्यावर दुसऱ्या मोसमात आल्सीडच्या खोपटीसमोर मोठा नर आला. आल्सीडनं चाप ओढला, नुसता खटका वाजला. संध्याकाळी कॅम्पवर येऊन तो म्हणाला, "बंदूक उडाली नाही रे. देवाशपथ. काडतूस बघा."

वेनोनं काडतूस हातात घेतलं, दिव्याखाली धरलं, फिरवून बघितलं. टोपीवरची पुसट खूण त्याला दिसली नसेल असं होणं शक्य नाही.

"काडतूस बरं आहे," तो म्हणाला. "हात गळाला म्हण की. बंदुकीला काय दोष देतोस?"

"बारच झाला नाही तर नेम चुकला कसा म्हणायचा?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"संधी गेली ती गेली. कॅम्पचा कायदा आहे." कायदा त्यानं त्याच क्षणी केला होता. मग त्यानं सुरी काढली. आल्सीड गॅन्यन एक्क्याऐंशी वर्षांचा होता. शर्ट कापताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते. नॉर्ब तिथंच बाकावर बसला होता. पिनेचं बोलला असता तर बापाला सगळ्यांसमोर कळलं असतं. तो बोलला नाही. आल्सीड पुन्हा कॅम्पवर आला नाही आणि मार्चमध्ये गेला. पुढच्या मोसमात वेनोनं ती गोष्ट आम्हाला रंगवून सांगितली, पिनेसकट. नॉर्ब पत्ते वाटत होता. त्यानं वाटप पुरं केलं.

ह्यानंतर बावीस वर्षं गेली.

गेल्या वर्षीच्या जुलैत वेनोचा जावई डेल गवत कापायचं यंत्र न्यायला सकाळी गॅरेजमध्ये शिरला. वेनो रिव्हॉल्व्हर घेऊन आतल्या दारात उभा.

"नाव सांग."

"मी आहे बाबा. डेल. डॅरलिनचा नवरा."

"डॅरलिन बारा वर्षांची आहे," वेनो म्हणाला आणि घोडा मागे ओढला.

डेल यंत्राच्या दांड्याला धरून किती वेळ उभा होता ते त्यालाही सांगता येत नाही. शेवटी वेनोच म्हणाला, "पेट्रोल भरून आण हं. मागच्या वेळी तसंच आणलंस." आणि कॉफी करायला आत गेला.

डॅरलिन त्याची एकुलती एक मुलगी, वय पन्नास. तिनं त्याच आठवड्यात कपाटाच्या दुसऱ्या किल्लीनं पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर काढून डेलच्या भावाकडे दिली. सोमवार आणि बुधवार कसेबसे निभायचे, पण दर मंगळवारी वेनो कपाट उघडायचा आणि रिकाम्या खाचेसमोर उभा राहायचा.

"माझं रिव्हॉल्व्हर?"

"दुरुस्तीला दिलंय, बाबा."

"दुरुस्तीला? कुणाकडे? ह्या गावात दुरुस्ती मी करतो."

"तुम्हीच म्हणालात ना, स्प्रिंग मागवायची म्हणून."

"असं म्हणालो?" मग तो मान हलवायचा. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच.

रायफली उरल्या होत्या, आणि मोसम. कॅम्पवर नेऊ नये असं डॉक्टरांचं मत. पण पंधरा तारखेला घरी बसलेला वेनो डॅरलिनच्या डोळ्यांसमोर येईना. तिला वडिलांनीच सांगितलेल्या पाच म्हाताऱ्यांच्या गोष्टी आठवल्या. ती नॉर्बकडे गेली.

"तुम्हाला येतं ना ते?" तिनं विचारलं.

"त्यानंच शिकवलंय," नॉर्ब म्हणाला. "पण आत्ता नको. आधी त्याला सराव करू दे. नाहीतर खडीच्या खाणीतच त्याला कळेल."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी वेनोनं वडिलांच्या रायफलीतून शंभर पावलांवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं बाटलीच्या झाकणाखाली मावली असती. आम्ही टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशी त्याला पोस्टाचा रस्ता सापडला नव्हता. त्यानं तो भोकं पडलेला निशाणाचा कागद नॉर्बच्या हातात दिला. "घे. तुझ्या बापाला दाखव."

नॉर्बनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

सोमवारी डॅरलिन वडिलांना तपासणीसाठी शहरात घेऊन गेली. कपाटाची दुसरी किल्ली तिनं नॉर्बला दिली होती. नॉर्ब वेनोच्याच बाकावर बसला, वेनोचीच कानस वापरली. अर्धा तास लागला, असं त्यानं आम्हाला सांगितलं. लोखंडाचा भुगा त्यानं ओल्या बोटानं टिपून घेतला, कारण वेनो बाक रोज पुसायचा.

म्हणजे कॅम्पवर आम्हा सहाही जणांना ठाऊक होतं.

पंधरा तारखेच्या पहाटे गुडघाभर बर्फ होतं. वेनोनं खोपटीच्या वाटेला लागण्याआधी रायफल उघडून करंगळी घातली, "रिकामी," म्हणाला, मग पाच काडतुसं भरली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

नॉर्बची खोपटी समोरच्या उतारावर, वेनोची तिथून दिसते. दहाच्या सुमारास आठ फाट्यांच्या शिंगांचा नर देवदारांतून बाहेर आला आणि वेनोसमोर तीस पावलांवर थांबला. नॉर्बनं दुर्बिणीतून बघितलं. वेनोनं रायफल खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकला. नर कान हलवून उभा. मग वेनोचं डोकं वर आलं. त्यानं सावकाश लिव्हर ओढून काडतूस हातात घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं, आणि फिरवलं. नर निघून गेला तेव्हाही तो काडतुसाकडेच बघत होता. बराच वेळ.

संध्याकाळी सौनाहून आल्यावर नॉर्बनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वेनो, तुझ्यासमोर आठ फाट्यांचा आला होता. बार कसा नाही ऐकू आला?"

आम्ही वाट बघत होतो. तो म्हणणार होता, बंदूक उडाली नाही, देवाशपथ, काडतूस बघा. त्यासाठीच नॉर्बनं बावीस वर्षं काढली होती.

वेनो बुटांच्या नाड्या सोडत होता. "झोप लागली," तो म्हणाला.

"झोप? तुला?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे मी. लागली झोप."

"संधी गेली ती गेली," नॉर्ब म्हणाला. "कायदा तुझाच आहे."

वेनो उठला, पाठ फिरवून उभा राहिला आणि स्वतःच शर्ट पँटमधून बाहेर ओढला. "सरळ काप," तो म्हणाला. "तुला कधी सरळ कापता आलं नाही." नॉर्बनं कापला. सुरी वाकडी गेली, कापड तिरकं फाटलं. ते आल्सीडच्या फडक्याशेजारी ठोकलं. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

तिसऱ्या दिवशी वेनो म्हणाला, औषधाच्या गोळ्या घरी राहिल्या. डेल त्याला न्यायला आला. वेनोनं रायफल बरोबर घेतली. घरी तो थेट गॅरेजमध्ये गेला. पुढचं डॅरलिननं सांगितलं. चार तास आतून आवाज नाही. तिनं दार ढकललं तर बाकावर पांढरा टॉवेल पसरलेला, त्यावर रायफलीचे सगळे भाग सुटे आणि वेनो गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. खणातून त्यानं जुनी जपून ठेवलेली दुसरी पिन शोधून काढली होती. घासलेली काढली होती. तिथवर सगळं बरोबर झालं होतं. पण परत जोडताना आधी काय आणि मग काय, ते त्याला आठवेना. ही रायफल डोळे मिटून जोडून दाखवण्याची तो पैज लावायचा.

"हे कुणी उघडलं?" त्यानं तिला विचारलं.

"तुम्हीच, बाबा. जेवायला चला."

"आधी कॅम्पवर सोड."

त्यानं सगळे भाग कॉफीच्या डब्यात भरले. डॅरलिननं नॉर्बला फोन केला, बाबांनी रायफल उघडलीय. नॉर्ब म्हणाला, येऊ दे.

कॅम्पच्या टेबलावर वेनोनं डबा नॉर्बसमोर ठेवला. वेलदोड्याचा गोड पाव आणि लोणी मध्ये होतं, आम्ही सगळे बसलो होतो. त्यानं डब्यातून दोन पिना वेचून काढल्या आणि बोटांत धरल्या.

"ही लांब. ही आखूड," तो म्हणाला. "लांब बसवून दे."

"आखूड कुणी केली?" नॉर्बनं विचारलं.

"ज्याला येतं त्यानं."

"गावात दोघांनाच येतं."

वेनोनं दोन्ही पिना टेबलावर ठेवल्या. "मग मीच केली असेन. हल्ली लक्षात राहत नाही."

हे तो टोचून बोलला की खरंच, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. नॉर्बच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यानं दोन्ही पिना समोर ओढल्या.

"लांब बसवतो. आत्ता बसवतो. फक्त एक सांग. ह्यांच्यासमोर सांग. माझा बाप त्या दिवशी खरं बोलत होता."

"कोण?"

"आल्सीड. त्याच्या बंदुकीत काय होतं ते तुला माहीत होतं. एवढंच म्हण, आल्सीड खरं बोलत होता. पाच शब्दसुद्धा नाहीत."

नॉर्बनं आवाज खाली आणला, आणि आम्ही त्याला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "म्हण ना, वेनो. मी तुझ्या पाया पडतो."

"आल्सीड रडका होता," वेनो म्हणाला. "बंदुकीला दोष देणारा."

मग त्यानं पावाचा तुकडा तोडला आणि त्याला लोणी लावू लागला, अगदी कडेपर्यंत, लक्ष देऊन. दुसऱ्याच्या हातात बंदूक असताना वेनोनं नजर काढून घेतली, हे आम्ही पहिल्यांदाच बघितलं. नॉर्बनं टॉवेल मागितला. रायफल जोडली. टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांनी बघितलं, की रायफलीत सरकली ती आखूड पिन. लांब त्याच्या शर्टाच्या खिशात गेली. कुणी खाकरलंही नाही. कुणाला इजा नको, असं आम्ही नंतर म्हणालो. तेही खरंच होतं.

"झाली," नॉर्ब म्हणाला.

वेनोनं लिव्हर दोनदा चालवून बघितला. आवाज ऐकला. "छान बसली," तो म्हणाला. "हात शिकला तुझा." त्याच्या तोंडून अशी शाबासकी नॉर्बला आजवर मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंधार पडला तरी वेनो परतला नाही. आम्ही कंदील घेऊन गेलो. तो खोपटीत खुर्चीवर ताठ बसलेला, डोक्यावर टोपी, रायफल मांडीवर, भुवयांवर हिमाचे कण. हृदय, असं नंतर डॉक्टर म्हणाले, कदाचित दुपारीच. खिडकीच्या फळीवर चार काडतुसं ओळीनं उभी करून ठेवली होती. पाचवं रायफलीत होतं. नॉर्बनं ती एकेक उचलून कंदिलाखाली धरली. पाचांवरही टोपीला तीच पुसट खूण. बाहेर, पंधरा पावलांवर, बर्फात खुरांचे ठसे होते. जनावर बराच वेळ एका जागी उभं राहिलेलं.

नॉर्बनं काडतुसं खिशात घातली. त्याच रात्री, डॅरलिन यायच्या आत, त्यानं कॅम्पच्या टेबलावर रायफल उघडून लांब पिन बसवली.

रायफल डेलकडे गेली. ह्या मोसमात त्यानं तिच्यातून पहिल्याच दिवशी नर पाडला, एका गोळीत. "काय जपलीय म्हाताऱ्यानं," तो कॅम्पवर सगळ्यांना दाखवत होता. "एकदा दगा दिला नाही हिनं." नॉर्ब पत्ते वाटत होता.

डॅरलिन अजून विचारते, शेवटी काय म्हणाले बाबा, माझं काही बोलले का. आम्ही तिला खरं तेच सांगतो. त्या शेवटच्या पहाटे तो हातमोजे चढवत दाराशी उभा होता. बाहेर उजाडायचं होतं. त्यानं मागे वळून चुलीकडे बघितलं आणि म्हणाला, "माझी पास्टी चुलीशेजारी ठेवा रे, चुलीवर नको. बूड करपतं."